शब्द, सही आणि मधले आठ दिवस

मुलांनो, मागच्या शनिवारी आमच्या शाळेत मोठं भांडण झालं. मी चौथीला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे सुटल्यावर मुलं अर्धा तास मैदानावर क्रिकेट खेळतात. संघ सोमवारीच ठरलेले असतात. एका मुलाने सोमवारी एका कप्तानाला सांगितलं होतं, "मी तुझ्याकडे." हा मुलगा गोलंदाजी छान टाकतो. मग काय, कप्तान निर्धास्त! त्याने दुसऱ्या एका मुलाला सांगून टाकलं, "आमचे भिडू पूर्ण झाले, तू दुसरीकडे बघ." शनिवारी खेळ सुरू व्हायच्या वेळी गोलंदाज महाशय शांतपणे समोरच्या संघात जाऊन उभे! म्हणे, "माझे नेहमीचे मित्र इकडेच आहेत."

मग आरडाओरडा, रडारड, आणि शेवटी सगळी वरात माझ्याकडे. "बाई, ह्याने शब्द मोडला!" "बाई, पण आम्ही कुठे लिहून घेतलं होतं?" ज्याला 'दुसरीकडे बघ' सांगितलं होतं, तो मुलगा तर घरीच निघून गेला होता. त्याची बाजू मांडायलाही कोणी नव्हतं.

मी तिथल्या तिथे न्याय केला नाही. खरं सांगायचं तर मला सुचलाच नाही. पण सोमवारी वर्गात त्यांना एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, बास्केटबॉलची आहे आणि तिच्यातली माणसं सहा-सात फूट उंच आहेत. भांडण मात्र तेच!

आधी थोडी माहिती घेऊ, नाहीतर गंमत कळायची नाही.

अमेरिकेत एनबीए नावाची बास्केटबॉलची मोठी स्पर्धा चालते. तिच्यात 30 संघ आहेत. प्रत्येक संघात पंधरा पक्के खेळाडू ठेवता येतात. प्रत्येक खेळाडूचा संघाशी करार असतो. कोणाचा एका वर्षाचा, कोणाचा चार वर्षांचा. करार संपला की तो खेळाडू मोकळा. तिकडे त्याला 'फ्री एजंट' म्हणतात. मग तो जुन्या संघातच राहू शकतो किंवा दुसऱ्या कोणाकडे जाऊ शकतो. दर वर्षी जून संपता संपता ही धामधूम सुरू होते. संघाचे मालक आणि प्रशिक्षक विमानं घेऊन खेळाडूंच्या घरी धावतात, त्यांना आग्रह करतात, स्वप्नं दाखवतात. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत चालते ना, तशी सगळी लगबग!

आता कोणी म्हणेल, श्रीमंत मालकाने सगळेच चांगले खेळाडू घेऊन टाकावेत. तसं चालत नाही. सगळ्या खेळाडूंच्या पगाराची मिळून एक मर्यादा ठरवलेली असते. 2015 साली ती 7 कोटी डॉलर होती. तेवढ्यातच नवे खेळाडू घ्यायचे. एकाला फार दिलं तर दुसऱ्यासाठी उरत नाही. आई महिन्याचा किराणा भरताना बदाम घ्यायचे की तेलाचा मोठा डबा असा हिशेब करते ना? तसाच हा हिशेब. मात्र यात एक सवलत आहे. स्वतःच्याच संघातला जुना खेळाडू ठेवायचा असेल तर मर्यादा ओलांडली तरी चालते. लॅरी बर्ड नावाच्या प्रसिद्ध खेळाडूच्या नावाने हा नियम ओळखला जातो. ही सवलत लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

अजून एक नियम सांगते. आपल्या गोष्टीचं सगळं मूळ त्यातच आहे.

एनबीएचं वर्ष 30 जूनला संपतं. 31 मार्चनंतर बँकेत हिशेब जुळवण्याची घाई असते, तसं तिथेही तेव्हा जुलैच्या सुरुवातीला मागच्या वर्षाची जमा किती झाली हे मोजत आणि त्यावरून नव्या वर्षाची पगाराची मर्यादा ठरवत. तोपर्यंत खेळाडूंशी बोलायला परवानगी असे, पण बहुतेक करारांवर सह्या करता येत नसत. 2015 साली हा काळ 1 जुलैपासून 8 जुलै संपेपर्यंत होता. म्हणजे पुरे आठ दिवस! या आठ दिवसांत खेळाडूने "येतो" म्हटलं तर त्याच्यामागे फक्त त्याचा शब्द असतो. कागद नाही, शिक्का नाही. तरी सगळे संघ त्या शब्दावर विसंबून पुढची कामं करत असत. पिढ्यान् पिढ्या तशीच पद्धत होती म्हणा ना.

आता गोष्टीतली मुख्य माणसं.

डीअँड्रे जॉर्डन हा लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचा खेळाडू. (मायकेल जॉर्डनचा हा कोणी नव्हे बरं का! मायकेल सगळ्यांना माहीत असतो म्हणून आधीच सांगितलं.) उंची 211 सेंटिमीटर. आपल्या वर्गाच्या दारातून आत यायचं तर त्याला मान खाली घालावी लागेल. 2014-15 च्या हंगामात त्याने दर सामन्याला सरासरी 15 वेळा रिबाउंड पकडले, म्हणजे रिंगला लागून परत आलेले चेंडू झेलले. त्या वर्षी साऱ्या एनबीएत एवढे कोणीच पकडले नाहीत. पण याच माणसाची एक गंमत होती. समोर कोणी अडवायला नसताना, शांतपणे उभं राहून रिंगमध्ये चेंडू टाकायचा, ज्याला फ्री थ्रो म्हणतात, ते त्याला जमत नसे. शंभरातले चाळीससुद्धा जात नसत! त्यामुळे समोरचे संघ मुद्दाम त्याच्याविरुद्धच फाउल करायचे. म्हणजे चेंडू आपोआप त्याच्या हातात, आणि गुण काही मिळायचा नाही.

दुसरा संघ डॅलस मॅव्हरिक्स. डॅलस हे टेक्सास राज्यातलं शहर. 2011 साली या संघाने अजिंक्यपद मिळवलं होतं. त्यांचा आधारस्तंभ होता डर्क नोविट्झ्की नावाचा जर्मन खेळाडू. 2015 च्या जूनमध्ये तो 37 वर्षांचा झाला. बास्केटबॉलमध्ये हे वय म्हणजे आजोबाच! 2014 मध्ये त्याला दुसऱ्या संघांकडून कितीतरी जास्त पैसे मिळत होते. तरीही तो डॅलसमध्येच राहिला आणि तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरवर समाधान मानलं. का? तर उरलेल्या पैशांतून संघाला चांगले भिडू घेता यावेत. तेव्हा, मुलांनो, डॅलसच्या थैलीत जे पैसे होते त्यात या आजोबांनी सोडलेला वाटाही होता.

डॅलसकडे टायसन चँडलर नावाचा उंच, अनुभवी खेळाडू होता. 2011 च्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. तो मधे न्यूयॉर्कला गेला आणि 2014 मध्ये परत आला होता. 2015 मध्ये त्याचाही करार संपला. त्याला ठेवायचं की त्याच जागी खेळणाऱ्या, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान जॉर्डनच्या मागे लागायचं? दोघांना मोठा पगार देणं शक्य नव्हतं. डॅलसने जॉर्डनची वाट धरली. टायसन चँडलरने फिनिक्सच्या संघाला होकार दिला.

इथे मी वर्गात क्षणभर थांबले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर 'आमचे भिडू पूर्ण झाले' सारखंच!" अगदी बरोबर. फक्त इथे भिडू अजून पूर्ण झालेले नव्हते. हातातला सोडला होता आणि दुसरा अजून यायचा होता.

जॉर्डनला राजी करायला डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन आणि चँडलर पार्सन्स नावाचा खेळाडू यांनी जंग जंग पछाडलं. (हा दुसरा चँडलर. एकाचं आडनाव, दुसऱ्याचं नाव. वर्गात दोन 'गणेश' असले की माझी होते तशी तुमची पंचाईत होऊ देऊ नका.) जॉर्डनचा जन्म टेक्सासमधल्याच ह्यूस्टन शहरातला, म्हणजे डॅलस त्याला घराजवळ. शिवाय लॉस एंजेलिसमध्ये ख्रिस पॉल आणि ब्लेक ग्रिफिन हे दोन मोठे तारे होते. जॉर्डनचा नंबर तिसरा. चेंडू त्याच्याकडे कमी यायचा. पॉलचं आणि त्याचं फारसं पटत नाही असंही वर्तमानपत्रांत छापून येत होतं. डॅलसने सांगितलं, आमच्याकडे तू मुख्य. 3 जुलैला जॉर्डनने होकार दिला. चार वर्षांचे सुमारे 8 कोटी डॉलर ठरले.

क्लिपर्सही त्याच्यामागे होतेच. ते तर त्याला पाच वर्षांचे जवळजवळ 11 कोटी देऊ शकत होते, कारण ती जुन्या खेळाडूची सवलत त्यांच्याकडे होती. तरी तो गेला! म्हणजे प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. घरी दोन भावंडांत मधल्याला जसं वाटतं तसं काहीसं झालं असावं. आपल्याला कोणी विचारत नाही, हे दुखणं कोटी डॉलरच्या माणसालाही असतं तर!

त्याच सुमाराला डॅलसने आणखी एकाचा होकार मिळवला. वेस्ली मॅथ्यूज. हा पोर्टलंडच्या संघातून खेळायचा. 5 मार्च 2015 च्या सामन्यात, तेही डॅलसच्याच विरुद्ध खेळताना, त्याच्या टाचेमागची मोठी शीर तुटली होती. बास्केटबॉलपटूला याहून वाईट दुखापत क्वचितच होते. पूर्वीसारखी उडी मारता येईल की नाही, कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा लंगडत्या माणसाला डॅलसने म्हटलं, ये आमच्याकडे. तोही "येतो" म्हणाला.

डॅलसमध्ये आनंदीआनंद झाला. एक उंच खेळाडू, एक लांबून अचूक फेकणारा खेळाडू आणि सोबतीला डर्क आजोबा. संघ जमला!

आणि मग जॉर्डनचं मन डळमळलं.

असं का झालं? नीट कोण सांगणार! सात वर्षं एका संघात काढली होती. तिथे नाराजी होती, पण माणसंही तिथलीच ओळखीची. हो म्हणून झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पोटात गोळा आला असेल. नवी शाळा घेतलेल्या मुलांना विचारा. दाखल्यावर सही होईपर्यंत हुरूप, आणि मग एके रात्री जुना वर्ग आठवून रडू. जॉर्डनने क्लिपर्सच्या माणसांना कळवलं की माझा निर्णय चुकला असं वाटतंय.

क्लिपर्सला हेच हवं होतं. कारण त्यांची अवस्था फार कठीण होती. त्यांचे पगार आधीच मर्यादेपलीकडे गेले होते. जॉर्डन स्वतःचा म्हणून त्याला ठेवायला सवलत होती. पण तो गेला तर त्याच्या तोलाचा दुसरा खेळाडू विकत घ्यायला त्यांच्याकडे जागाच नव्हती! म्हणजे हा गडी गेला की ते भगदाड तसंच राहणार.

8 जुलै उजाडला. मुदतीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जो तमाशा झाला तो साऱ्या अमेरिकेने मोबाइलवर बसून पाहिला. आधी डॅलसच्या पार्सन्सने ट्विटरवर विमानाचं छोटं चित्र टाकलं. शब्द एकही नाही. बघणाऱ्यांनी ओळखलं की जॉर्डनची समजूत काढायला जाणार! मग क्लिपर्सचा जे. जे. रेडिक. त्याने टाकलं मोटारीचं चित्र. ग्रिफिनने विमान, हेलिकॉप्टर आणि मोटार अशी तिन्ही टाकली. ख्रिस पॉल सुट्टीवर समुद्रकाठी होता, त्याने केळं आणि होडी टाकली. पॉल पिअर्स हा वयाने मोठा खेळाडू. त्याने कागदावर काढल्यासारखं रॉकेटचं चित्रच टाकून दिलं. माझ्या वर्गाला हा भाग फार आवडला. मधल्या सुट्टीत फळ्यावर विमानं, होड्या आणि केळी काढून ठेवली होती, ती पुसताना माझा अर्धा तास गेला.

ह्यूस्टनमध्ये जॉर्डनच्या घरी क्लिपर्सची फौज जमली. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स, मालक स्टीव्ह बाल्मर (हे पूर्वी मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रमुख होते), ग्रिफिन, पॉल, रेडिक, पिअर्स. रुसवेफुगवे बोलून झाले, समजूत पटली. पण सही करता येत नव्हती! मध्यरात्र व्हायची होती. मग ही सगळी मोठी मंडळी तिथेच ठाण मांडून बसली. पत्ते खेळले, व्हिडिओ गेम खेळले, जेवली. आपण उठून गेलो आणि डॅलसवाले आले तर? ग्रिफिनने तर एक फोटो टाकला. दाराच्या मुठीला खुर्ची अडकवून दार बंद केलेलं! तो गंमत करत होता, पण सगळ्या देशाला काय चाललंय ते कळलं.

इकडे क्युबन जॉर्डनशी बोलण्यासाठी धडपडत होते. त्यांना भेट मिळाली नाही. फोनला उत्तरही मिळालं नाही.

अमेरिकेच्या पूर्व भागात रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं आणि जॉर्डनने क्लिपर्सच्या करारावर सही केली. ह्यूस्टनमध्ये तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आपल्याकडे 9 जुलै, गुरुवार, सकाळचे साडेनऊ वाजले होते. चार वर्षांचे सुमारे पावणेनऊ कोटी डॉलर.

नियम मोडला का? नाही! एकही नियम मोडला नाही. आठ दिवस संपेपर्यंत कोणीच बांधील नव्हतं. पुढे जॉर्डनने ट्विटरवरच क्युबन आणि डॅलसच्या लोकांची माफी मागितली. पण माफी मागून टायसन चँडलर थोडाच परत येणार होता? त्या आठ दिवसांत बाकीचे बहुतेक चांगले खेळाडू ठिकठिकाणी 'हो' म्हणून बसले होते. बाजार उठल्यावर पिशवी घेऊन गेल्यासारखं झालं.

मला स्वतःला विचाराल तर मन बदलणं हा मी गुन्हा मानत नाही. ज्या संघात चार वर्षं राहायचं तिथे नाराजीने कशाला जायचं? पण फोन न उचलणं मला खटकलं. "मी येत नाही" एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? माझ्या वर्गातल्या गोलंदाजालाही मी तेवढंच विचारलं. मंगळवार होता, बुधवार होता, गुरुवार होता. एकदा तरी सांगायचंस. तो म्हणाला, "बाई, तो रागावला असता." मी म्हटलं, असता. मग?

आता मॅथ्यूजकडे वळू. जॉर्डन येणार नाही म्हटल्यावर क्युबननी मॅथ्यूजला कळवलं, तू ज्या संघात येणार होतास तो संघ आता राहिला नाही. तुझा शब्द मी तुला परत करतो, हवं तर दुसरीकडे जा. मॅथ्यूज म्हणाला, मी येणार म्हटलंय ना, येणार. आणि आला. जॉर्डनसाठी राखलेले पैसे आता मोकळे होते, म्हणून डॅलसने मॅथ्यूजचा करार आधी ठरला होता त्याहून वाढवून चार वर्षांसाठी 7 कोटी डॉलरचा केला. पाय अजून बरा झालेला नसताना!

हे ऐकल्यावर माझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचा गोलंदाजही होता.

मधल्या भगदाडाचं काय केलं म्हणाल तर डॅलसने मिलवॉकीच्या संघाकडून झाझा पाचुलिया नावाचा खेळाडू अगदी स्वस्तात मिळवला. हा जॉर्जिया देशाचा. उंच उडी नाही, झळाळी नाही, पण कामाला वाघ. त्याने त्या हंगामात सामन्यामागे नऊच्या वर रिबाउंड पकडले. गंमत म्हणजे त्या वर्षी साऱ्या ताऱ्यांच्या मोठ्या सामन्यासाठी प्रेक्षकांनी मतं दिली, तेव्हा जॉर्जियाच्या लोकांनी एवढा जोर लावला की झाझा पहिल्या पाचांत यायला फक्त चौदा हजार मतं कमी पडली! डेरॉन विल्यम्स हा लहानपणी डॅलसजवळच वाढलेला खेळाडूही त्यांना मिळाला. असा गोळा करून संघ उभा राहिला.

11 नोव्हेंबर 2015 ला क्लिपर्स डॅलसमध्ये खेळायला आले. जॉर्डनच्या हातात चेंडू आला की सारं स्टेडियम हुर्यो करायचं. डॅलसने तो सामना 118-108 असा जिंकला आणि डर्क आजोबांनी एकट्याने 31 गुण केले. तुम्हाला वाटेल, वा, शब्द मोडणाऱ्याला धडा मिळाला! पण पूर्ण हंगामाचा हिशेब वेगळाच होता. क्लिपर्सने 53 सामने जिंकले, डॅलसने 42. बाद फेरीत दोघंही पहिल्याच टप्प्यात हरले. बरं, क्लिपर्सना हरवणारा संघ कोणता? पोर्टलंड. मॅथ्यूजचा जुना संघ!

गोष्ट इथे संपली असती तर मी ती वर्गात सांगितलीही नसती. खरी मजा पुढे आहे. 2018 चा जुलै आला. जॉर्डनने कराराचं शेवटचं वर्ष सोडून दिलं, तो पुन्हा मोकळा झाला. आणि त्याने कोणाशी करार केला असेल? डॅलसशी! एका वर्षाचे सुमारे 2 कोटी 29 लाख डॉलर. तीन वर्षांपूर्वी ज्यांचा फोन उचलला नाही, त्यांच्याच घरी. क्युबननी दार उघडलं. मॅथ्यूज तेव्हाही डॅलसमध्येच होता. म्हणजे 2015 च्या जुलैत जे दोघं एकत्र खेळायचे ठरले होते ते अखेर 2018 मध्ये एकत्र खेळले.

किती दिवस? तर 31 जानेवारी 2019 पर्यंत.

त्या दिवशी डॅलसने न्यूयॉर्कच्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल केली. ख्रिस्टॅप्स पोर्झिंगिस नावाचा तरुण, उंच खेळाडू त्यांना हवा होता. त्याच्या बदल्यात डॅलसने जे खेळाडू दिले त्यांत दोन नावं होती, डीअँड्रे जॉर्डन आणि वेस्ली मॅथ्यूज. शब्द मोडणारा आणि शब्द पाळणारा, एकाच दिवशी, एकाच यादीत. तिकडे अशा अदलाबदलीसाठी बहुतेक खेळाडूंना विचारावंही लागत नाही. करारातच तशी मुभा असते.

वर्गात एकदम शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "मॅथ्यूजलापण दिलं?" हो, त्यालापण. "पण तो तर थांबला होता ना?" हो, थांबला होता.

यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगूनच टाकते. चार-पाच वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या स्पर्धांसाठी मुलींचा खो-खोचा संघ निवडत होते. संघात बारा जणी घेता येतात. एका मुलीला मी सरावाच्या वेळी म्हटलं होतं, "तू नक्की आहेस." मी ते सहज म्हटलं होतं. तिने घरी जाऊन सांगितलं, वडिलांनी तिला नवे बूट आणले. मग यादी द्यायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या तुकडीतली एक चपळ मुलगी पळताना दिसली आणि मी नाव बदललं. आम्ही दोन सामने जिंकलो. ती मुलगी नवे बूट घालून टाळ्या वाजवायला आली होती. मी तिच्याशी त्याबद्दल बोलले नाही. ती रागावेल असं मला वाटलं.

पालकहो, हे खास तुमच्यासाठी लिहितेय. मुलांनी शब्द मोडला की आपण त्यांना लगेच उभं करतो. आपण दिलेले शब्द, म्हणजे "पुढच्या रविवारी नक्की", "तुझंच नाव देणार", ते मोजायला मात्र कोणी बसत नाही.

ही हकिकत मी सोमवारी वर्गालाही सांगितली. त्यांनी मला फार रागावून पाहिलं. मग चर्चा झाली, आणि मुलांनीच आपल्या क्रिकेटसाठी एक नियम केला. सोमवारी नावं ठरली तरी बुधवारच्या मधल्या सुट्टीपर्यंत बदलायची मोकळीक. पण बदलायचं तर स्वतः कप्तानासमोर जाऊन सांगायचं, निरोप पाठवायचा नाही. आणि कप्तानानेही बुधवारपर्यंत कोणाला 'दुसरीकडे बघ' म्हणायचं नाही. बुधवारनंतर फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहायची. तिकडे एनबीएनेही 2016 पासून ते मधले दिवस कमी केले. आता सहा जुलैच्या दुपारी सह्या सुरू होतात. आमचा नियम त्याहून कडक आहे असं मुलांचं म्हणणं!

शनिवारी जो घरी निघून गेला होता त्याला या खेपेला पहिल्यांदा निवडलं. कोणी, ते विचारू नका. दोन्ही कप्तान सांगतात, "मीच."

तुमच्या गल्लीत भिडू कसे वाटतात? गुपचूप नावं ठेवून, की कप्तान एकेकाला हाक मारून? आणि शेवटी उरतो त्याचं काय करता? मला पत्राने कळवा. पत्रावर इयत्ता लिहायला विसरू नका. मागच्या वेळी सात जण विसरले होते!

पुढच्या अंकात बास्केटबॉलची रिंग बरोबर दहा फुटांवरच का असते, त्याची गोष्ट. त्यात पीचच्या टोपल्या आहेत आणि एक शिडीही.

— तुमच्या बाई